काळजी करू नकोस

जगात कुठेही वादळ उठो, त्याची पहिली खबर इथे परदेशात, पॉइंट कुक उपनगरातल्या आमच्या शेजाऱ्याला लागते, असं आमच्या गल्लीचं ठाम मत होतं. हा मूळचा पुण्याचा इंजिनिअर. लॉकडाउनमध्ये गॅरेजात टेबल टाकून कॅरिबियन बेटांवरच्या लोकांना चक्रीवादळाची आगाऊ सूचना कशी पोचवायची, याचं काम करायचा. त्या बेटांवर त्याने कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं, पण तिथल्या कोळ्यांची काळजी सख्ख्या काकाने वाहावी तशी वाहायचा. काय येतंय, कधी येतंय, कुठे जायचं, एवढंच सूचनेत हवं. धीर देणारा शब्द दिसला की त्याचा पारा चढायचा. 'काळजी करू नका' हे वाक्य तर त्याने कायमचं हद्दपार केलं होतं. "ते ऐकलं की माणूस घरीच बसतो रे," म्हणायचा.

हे खूळ घरातही शिरलं होतं. जरा वारा सुटायचा रंग दिसला की कुंपणावरून डोकं काढून मला दोरीवरचे कपडे काढायला बजावणार. एकदा बायकोने भाजी तिखट झाल्याचं पहिल्या घासानंतर सांगितलं, तर सूचना उशिरा मिळाली म्हणून हा रुसून बसला. "डॅड, इट्स ओन्ली भाजी," लेक म्हणाली.

त्याच सुमारास पुण्यात त्याच्या आईला कोविड झाला. विमानं बंद होती. बहीण हॉस्पिटलमधून रोज कळवायची, आई बरी आहे, काळजी करू नकोस. परदेशातल्या माणसाला आपण असंच सांगतो. आणि ज्याने ते वाक्य साऱ्या बेटांवरून हाकललं, त्याने घरून आलं म्हणून ते मुकाट्याने खरं मानलं. आई शुद्धीवर होती तोवर उगाच दमेल म्हणून त्याने व्हिडिओ कॉलसुद्धा मागितला नाही. मग थेट ती गेल्याचाच फोन आला.

मी कुंपणापाशी गेलो. फार वाईट वाटत होतं. तो म्हणाला, "ताईवर राग नाही रे. मी नुसतं विचारायला हवं होतं, बरी म्हणजे कशी?"

त्यानंतर कुंपणावरून सूचना येणं बंद झालं. वारा सुटला की माझे कपडे उडून त्याच्या अंगणात पडायचे. तो ते नीट घडी करून कुंपणावर ठेवायचा आणि आत जायचा. पुढे मी ढग दिसत असले तरी कपडे दोरीवर तसेच ठेवू लागलो, कधीतरी हाक मारेल म्हणून.