आधी आकेंचं टपाल

ओरोझबेक-आकेंना खूश करायला गेला आणि मक्सातनं कचेरीचं सगळं टपाल एका सकाळीत गिळून टाकलं. खरं तर गिळलं आकेंच्या संगणकानं, पण घास भरवला मक्सातनंच.

किर्गिझस्तानातल्या काराकोलमधली ही कचेरी म्हणजे डोंगरात फिरायला येणाऱ्या पाहुण्यांना घोडे, तंबू आणि वाटाड्या पुरवणारा घरचाच धंदा. मालक ओरोझबेक, ज्यांना वडीलधारे म्हणून सगळे आके म्हणत, कारभारी त्यांचा पुतण्या मक्सात आणि पाहुण्यांना उत्तरं लिहिणारी भाची आयझिरेक. तिघांत ईमेलची पेटी एकच, तीही बाजारातली सगळ्यात स्वस्त. बाजारात टपरी चालवणाऱ्या झमीरा-एजेंनी, म्हणजे झमीराताईंनी, ती तिघांच्या संगणकांना जोडून दिली होती. पत्र पेटीतच राहायचं, तिघांनाही दिसायचं. आकेंची तक्रार एवढीच की पत्र त्यांच्या नजरेला पडेपर्यंत आयझिरेकनं ते उघडलेलं असायचं.

"जेवणाच्या दस्तरखानावर मेंढ्याचं डोकं आधी कुणापुढे ठेवतात?" आकेंनी विचारलं.

"तुमच्यापुढे, आके."

"मग टपालच माझ्यापर्यंत उष्टं का येतं?"

मक्सात लगेच कामाला लागला. त्यानं आकेंच्या संगणकावरून पेटी काढली आणि दुसऱ्या तऱ्हेनं जोडली. या तऱ्हेत संगणक पत्रं उचलून घरी आणतो आणि पेटीत मागे काही ठेवत नाही. बघता बघता आयझिरेकच्या पडद्यावर गवताची काडी उरली नाही, आणि आकेंच्या पडद्यावर तीन उन्हाळ्यांचं टपाल ठळक अक्षरांत, अगदी कोरं होऊन उभं राहिलं.

"आता कसं," म्हणून आकेंनी चष्मा लावला आणि सर्वात जुन्या पत्रापासून वाचायला बसले. घोडे कुठल्या खिंडीत आणायचे, हे पोलंडच्या पाहुण्यांनी कालच कळवलं होतं. ते पत्र ढिगाच्या दुसऱ्या टोकाला. आके मात्र एका बाईंना जूनमधल्या बर्फाबद्दल सविस्तर उत्तर लिहीत होते. त्या बाई येऊन, बर्फ बघून, परत जाऊन दोन वर्षं झाली होती. पण वडीलधाऱ्याच्या ताटात हात घालायची छाती कुणाची?

मक्सात बाजाराकडे पळाला. झमीरा-एजे मोबाइलच्या खोळी आणि चार्जर विकायच्या त्यांच्या टपरीला कुलूप लावत होत्या. पायाशी पिशवी.

एजेंचं असं झालं होतं की गावातल्या प्रत्येक धंदेवाल्याला ईमेलच्या पत्त्यात स्वतःच्या दुकानाचं नाव हवं आणि पेटी मात्र फुकटाच्या आसपास हवी. तसल्या पेट्या विकणाऱ्या कंपन्यांचा नियम असा, की टपाल बंद पडलं तर आम्हाला टपालानं कळवा. मग लोक एजेंकडे येत. मोबदला म्हणून जर्दाळूचा मुरंबा, वाडगाभर साय, एकदा तर जिवंत कोंबडी. सख्ख्या मामाच्या चाळिसाव्याला त्या डोळे पुसत बसलेल्या असताना शेजारच्या बाईनं हळूच पासवर्ड विचारला होता. एजेंनी तो रडत रडतच सांगितला.

गुडघ्यांसाठी गरम झऱ्याच्या आरोग्यधामात त्यांची जागा ठरली होती. ही जागा दोनदा हुकली होती, दोन्ही वेळा कुणाच्या तरी पेटीपायी. आज संध्याकाळच्या आत तिथं पोचून नाव नोंदवलं नाही तर जागा दुसऱ्याची.

"एजे, फक्त पाच मिनिटं."

"मागच्या वर्षीपण पाचच मिनिटं होती," एजे म्हणाल्या. तेवढ्यात आरोग्यधामाकडे जाणारी गाडी आली. आत तीन बायका आणि वैतागलेला चालक. रस्ता कचेरीवरूनच जात होता. एजेंनी उसासा टाकला. "चल, बस. उतरायला लावलंस तर याद राख."

लावलंच उतरायला. आकेंचं वाचन अजून पहिल्याच उन्हाळ्यात होतं आणि खुर्ची सोडायचं लक्षण नव्हतं. रस्त्यावर चालकानं हॉर्न वाजवला. एजेंनी दारातूनच हाक दिली.

"आके, गाडीतल्या बायका म्हणतात, तुमच्या आशीर्वादाशिवाय निघायचं नाही."

बायका असलं काही म्हणाल्या नव्हत्या. पण प्रवासाला निघालेल्यानं आशीर्वाद मागितला तर बसून राहील तो म्हातारा कसला? आकेंनी टोपी घातली, काठी घेतली, बाहेर गेले. त्यांना बघून चालकानं गुपचूप इंजिन बंद केलं. आकेंचा आशीर्वाद गावाला ठाऊक होता. आधी प्रत्येकीचं माहेर आणि आजोबांचं नाव, मग मेंढ्या, मग रस्ता, मग गाडीची चाकं. शेवटचं 'ओमीन' म्हणून तोंडावरून हात फिरेपर्यंत गाडी हलवणं म्हणजे पाप.

एजे खुर्चीत बसल्या. पेटी जुन्या, पत्र मागे ठेवणाऱ्या तऱ्हेनंही शेजारी जोडली आणि पत्रं आकेंच्या ढिगातून ओढून परत पेटीत ढकलू लागल्या.

"इतकं सावकाश?" मक्सात म्हणाला.

"चहाच्या भावात घोडा घेतला की असाच चालतो."

पोलंडचं पत्र वर आलं. आयझिरेकनं आपल्या पडद्यावरून घाईघाईनं खिंडीचं नाव टिपून घेतलं. एजेंनी एका चौकोनावर बोट ठेवलं. 'प्रत पेटीत राहू द्या', असं तिथं लिहिलं होतं.

"ही खूण दिसली नव्हती?"

"दिसली होती. मीच काढली. आकेंना सगळं मिळावं म्हणून."

रागवायलाही अंगात थोडी शक्ती लागते. एजेंनी खूण परत लावली. आता आकेंना त्यांची कोरी प्रत, बाकीच्यांना पेटीतली.

"पण एजे, जुनी पत्रं आकेंकडे पुन्हा येतील. दोन-दोन दिसतील."

"दोन-दोनदा वाचतील. तेवढीच शांतता."

बाहेरून 'ओमीन' ऐकू आलं. एजे गुडघा धरून उठल्या. दारात आके भेटले.

"झमीरा, तू अजून इथेच? अगं, गाडी तुझ्यामुळे खोळंबलीय."

"चुकलंच, आके," म्हणत एजे गाडीत शिरल्या. मक्सातनं पिशवी आत सरकवली, दार लावलं आणि खिडकीतून डोकं आत घातलं.

"एजे, तुम्ही नसताना पुन्हा काही बिघडलं तर?"

"बिघडू दे."