तांबडं सोनं

मुलगी घरी यायला निघाली होती. घाटात गाडी दरीत गेली. फोन आला तेव्हा मी तळेऱ्याच्या फाट्यावर तिची वाट बघत उभा होतो.

ती घाटावरच्या एका विद्यापीठाच्या विज्ञान केंद्रात नॅनो तंत्रज्ञानावर काम करायची. तिथे रसायनवाले, भौतिकवाले, जीवशास्त्रवाले एकाच इमारतीत बसतात आणि भांडतातही, असं ती सांगे. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला. मला कळलं ते एवढंच, की सोन्याचे कण डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक केले की सोनं पिवळं राहत नाही.

आदल्या चवथीला, गणपतीत, तिने एक छोटी काचेची बाटली आणली होती. माझ्या बायकोने ती उजेडात धरली.

"ह्या काय गो? कोकमाचा आगळ?"

"सोना आसा, आये."

"सोना असा तांबडा? सोनारान फसवल्यान तुका."

मुलगी खूप हसली. मग तिने समजावलं. ते कण एकमेकांना दूर लोटतात, म्हणून पाण्यात तरंगत राहतात आणि रंग टिकतो. मीठ पडलं की ते एकमेकांना बिलगतात, रंग जातो आणि परत येत नाही. आमच्या दमट हवेत, फ्रीजशिवाय, तो रंग किती टिकतो ते तिला बघायचं होतं. "मिठापासून तेवढी सांभाळा," म्हणाली.

बाटली माझ्या कपाटात, शब्दकोशांच्या मध्ये ठेवली. बायको मिठाची बरणी त्या खोलीच्या दारावरूनही नेत नसे. दर रविवारी मुलीचा फोन यायचा. पहिला प्रश्न, "रंग कसो आसा?"

ती गेल्यावर विचारणारं कोणी उरलं नाही. मग रविवारी हीच दारात येऊन विचारू लागली, "रंग कसो आसा?" मी म्हणायचो, "तांबडो." आमच्यात दुसरं बोलणं फारसं होत नसे. ती स्वयंपाकघरात, मी पुस्तकांत. तो रंग आहे तोवर मुलीचं काहीतरी चालू आहे, असं मला वाटे. हिलाही वाटत असावं.

या मे महिन्यात बाटलीतलं पाणी थोडं खाली गेलं. बूच सैल झालं असेल. एका सकाळी हिने देवाचा कलश भरला आणि त्याच पळीने बाटलीही भरली. मी अंगणात होतो. ती मागोमाग बाहेर आली.

"ओ, रंग बदललो."

आत जाऊन पाहिलं. पाणी जांभळट झालं होतं. बघता बघता निळं-करडं झालं.

"मीठ नाय घातलंय मी. देवाशपथ."

"पाणी खयचा घातलंस?"

"आपल्या बावीचा. आणि खयचा?"

आमची विहीर खाडीपासून जवळ. मुलगी मे महिन्यात आली की पहिल्याच घोटाला तोंड वाकडं करायची. "आये, पाणी खारट झालासा." ही म्हणायची, "घाटावर जावन तुझी जीभ बिघडली." मीही हसायचो. आम्ही जन्मभर तेच पाणी प्यायलो होतो.

हिने तांब्या भरून आणला आणि उभ्यानेच प्यायली. मग माझ्या हातात दिला.

"माका गोडाच लागता," ती म्हणाली. "तुमका?"

मी घोट घेतला, तोंडात धरून ठेवला. गोडच होतं.

"म्हणजे पाणी खारटच. ती म्हणी ता खरा होता," ही म्हणाली आणि पायरीवर बसली. मी शेजारी बसलो. हिला बोल लावण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

मुलीच्या केंद्रातल्या मैत्रिणीला मी कळवलं. नवी बाटली पाठवते, म्हणाली. नको म्हटलं.

रविवारी आता कोणी काही विचारत नाही. बाटली शब्दकोशांच्या मध्येच आहे. वरचं पाणी स्वच्छ आहे. तळाशी काळसर गाळ आहे, आणि त्यात मुलीने घातलेलं सोनं आहे.