नवऱ्याच्या मापाची गाडी

माझ्याकडे असलेल्या पाच गावांपैकी शेवटच्या गावात माझी एक ख्याती होती. नर्सबाईला आल्या आल्या चहा लागतो, गिलास हातात पडल्याशिवाय ती लसीचा डबा उघडत नाही. तिथल्या बाया तोंडावर चिडवायच्या, "काऊन बाई, चाय पेल्याबिगर सुई टोचत नाई का?" मीही हसून वेळ मारून न्यायची. मला चहाची तलफ कधीच नव्हती. तो गरम गिलास दोन्ही हातांत धरून बसायचं असायचं, कारण मोटरसायकलवरून उतरल्यावर माझ्या करंगळीत आणि तिच्या शेजारच्या बोटात जीवच उरलेला नसायचा. ऊब लागून मुंग्या जायला दहा-पंधरा मिनिटं लागत. तेवढा वेळ मी चहा पिण्याचं सोंग करायची.

मी आरोग्यसेविका, चामोर्शी तालुक्यातली. पुढच्या गावांचा रस्ता म्हणजे मुरूम, गोटे आणि मध्ये एक नाला. स्कूटी तिथं पोट टेकून बसते, हे मी एकदा बसवून पाहिलेलं आहे. नवरा कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात, सुट्टीलाच घरी येतो. म्हणून त्याची मोटरसायकल माझ्याकडे आली आणि नऊ वर्षं माझ्याकडेच राहिली.

यंदा धानाच्या कापणीच्या दिवसांत त्याच शेवटच्या गावात एका आईला शेतावर जायची घाई होती. चहा यायच्या आधीच मी डबा उघडला. भरलेली सिरिंज माझ्या बोटांतून निसटली आणि सारवलेल्या जमिनीवर पडली. बाळाला काही झालं नाही, सुई अजून लांबच होती. मी दुसरी सिरिंज घेतली, डावा हात उजव्याला लावून कसंबसं काम उरकलं. पण त्या आईनं माझ्या हाताकडे पाहिलं, आणि ते पाहणं माझ्या डोक्यातून जाईना. उद्या सुई टोचताना हात असाच गेला तर?

आरोग्य केंद्रात परत आल्यावर मी स्वतःच डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सिस्टर, महिनाभर बघू. हात सुधारला नाही तर फिरती दुसऱ्या सिस्टरकडे देऊ. तुम्ही केंद्रातच बसा." चांगल्या मनानं बोलले, म्हणून मला आणखीच राग आला. भांडायलाही जागा नाही! कोणत्या घरची सासू डोसाच्या दिवशीच सुनेला मोहफुलं वेचायला पाठवते, कोणत्या घरचा बाप सुई पाहून पोरापेक्षा मोठ्यानं ओरडतो, हे सगळं मला पाठ. ही गावं मी पायरी-पायरीनं आपली केली होती आणि ती सोडायची माझी अजिबात तयारी नव्हती.

गाडी मी आधीच तीन गॅरेजांत दाखवली होती. एकानं सीट बदलली, दुसऱ्यानं मागचे शॉकअप बदलले, तिसऱ्यानं मुठींवर जाड रबर चढवलं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. पण खरं सांगायचं तर त्यांच्यापेक्षा चूक माझीच जास्त. गाडी नवी होती तेव्हा सासूबाईंनी ती मार्कंड्याच्या महादेवाला नेऊन पुजली होती आणि हँडलच्या मधोमध लाल धागा बांधला होता. पुढे दर महाशिवरात्रीच्या जत्रेला एक नवा धागा, आणि जुना काढायचा नाही हा त्यांचा नेम. त्याचा मुठीएवढा गठ्ठा झाला होता. तिसऱ्या मिस्त्रीनं तिकडे हात नेला तर मीच त्याच्यावर खेकसले, "तिथी हात नको लावू, देवाचं हाय!" बिचारा दोन पावलं मागं सरकला आणि रबरं चढवून मोकळा झाला.

शेवटी गडचिरोलीला मीटिंगसाठी गेले होते तेव्हा कुणीतरी एका जुन्या मिस्त्रीचं दुकान दाखवलं. पांढरी दाढी, चष्म्याला दोरी. सगळे त्यांना चाचा म्हणत. मी गाडीचं गाऱ्हाणं सुरू केलं तर त्यांनी मला मध्येच तोडलं.

"गाडीचं मंग पाहू बाई. पयले तुमी बसा तिच्यावर. आता डोळे मिटा. सूप धरता ना धान पाखडाले, तसे हात समोर करा. जोर नका लावू."

भर रस्त्यात डोळे मिटून सूप धरायचं! चिडूनच केलं मी.

"आता खोला डोळे."

माझे हात हवेत होते. हँडलच्या मुठी त्यांच्यापासून चार बोटं पुढे आणि तेवढ्याच खाली.

"गाडी भाऊची हाय ना? भाऊ उंचेपुरे असतीन. त्यांच्या मापाची हाय ही. तुमी रोज नवऱ्याचा शर्ट घालून ड्युटीवर जाऊन राह्यल्या."

मला हसू आलं आणि नवऱ्याचा संतापही आला. गाडी घेतली त्याच आठवड्यात "जरा ऐटीत दिसते" म्हणून त्यानं हँडल पुढे झुकवून घेतलं होतं. हे तो मला कौतुकानं सांगायचा! त्याच्या ऐटीपायी नऊ वर्षं माझ्या सगळ्या अंगाचा भार मनगटांवर पडत होता आणि तिथूनच बोटं बधिर होत होती. काखेत कळसा आणि मी तीन गॅरेजांना वळसा घालून आले होते.

चाचांनी पाना उचलला आणि धाग्यांच्या गठ्ठ्यापाशी ते थांबले. "बोल्ट याच्या खाली हाय. पण हे मी नाई कापत. तुमच्या देवाचं हाय. घरी विचारा."

मी सासूबाईंना फोन लावला. आवाज आपोआप बारीक झाला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी आणि म्हणाल्या, "धागा मी लोखंडाले बांधला का तुले बांधला? तुले काई होऊ नये म्हणून बांधला. तुलेच होऊन राह्यलं तर काय कामाचा तो? सोड, अन् एक आपल्या हाताले बांध."

गाठी नखांनी सुटेनात. शेवटी ब्लेड घेतलं. मी कापत होते तोवर चाचा पाठ फिरवून उभे राहिले. खाली चार बोल्ट निघाले, गंजून लाल झालेले. त्यांनी तेल सोडलं, वाट पाहिली, मग एकेक सैल केला. हँडल मागं घेतलं, किंचित वर आणलं. ब्रेक आणि क्लचच्या दांड्याही फिरवल्या, बोटं लांब केली की मनगट वाकायला नको अशा. बोल्ट पुन्हा थोडेथोडे, आळीपाळीनं आवळले. मी खूश होऊन गाडी सुरू केली आणि वळवायला हँडल पूर्ण डावीकडे नेलं, तर गाडी आपोआप बोंबलायला लागली.

"रुका!" चाचांनी चावी बंद केली. एक्सलेटरची वायर ताणली जात होती. त्यांनी ती सोडवून मागच्या बाजूनं नेली आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिलं, तीनदा. "हँडल कोनीबी बसवते बाई. वळवून पाह्यते तो मिस्त्री."

पुढच्या लसीकरणाच्या दिवशी मी निघाले ती ताठ बसून. नाल्यातून गाडी काढली तेव्हाही खांदे कानाला चिकटले नाहीत. धानाच्या पेंढ्यांनी भरलेली बैलगाडी समोर आली, मी रस्ता दिला आणि लक्षात आलं की आपण हेल्मेटच्या आत मोठमोठ्यानं गातोय. असा आनंद मला नोकरीच्या ऑर्डरच्या दिवशीही झाला नव्हता. उतरल्यावर करंगळी अंगठ्याला लावून पाहिली. पुन्हा लावली. दोन्ही बोटं जागी होती!

शेवटच्या गावात मी अंगणात खाट ओढली आणि थेट डबा उघडला. तेवढ्यात तीच आई आली, मागच्या वेळी जिनं सिरिंज पडताना पाहिली होती. काखेत बाळ, हातात चहाचा गिलास.

"पयले हात शेकून घ्या, बाई," ती म्हणाली.

मी डबा तसाच ठेवून विचारलं, "तुले कोनं सांगितलं?"

"आमाले सगळ्यायले माहीत हाय. तुमची गाडी नाल्यावर ऐकू आली का आमी चुलीवर चाय ठेवतो. तुमाले वाईट वाटू नये म्हून चिडवत होतो."

माझे डोळे भरून आले, पण ते पुसायला हात मोकळे नव्हते. गिलास खाटेवर ठेवायला सांगून मी सिरिंज भरली. बाळाची मांडी दोन बोटांत धरली. ती मऊ होती, थोडी घामेजलेली, आणि मला ते कळत होतं. सुई गेली, निघाली. बाळानं सगळं गाव गोळा होईल असा सूर लावला. आईनं त्याला पोटाशी धरलं आणि माझ्या हाताकडे पाहिलं, या वेळी हसून.

एकामागून एक सगळी बाळं झाली. मग मी गिलास उचलला. चहा पार निवला होता. मी तो एका दमात प्यायले आणि दुसरा मागितला.