वैशालीचं लॉगिन

मानपाड्याच्या आमच्या रंगाच्या कंपनीचा भोंगा आधी घसा खाकरायचा, मग ओरडायचा. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. भोंगा झाला की मी तोंडं ओळखून गेट उघडायचो. आता भोंगा बंद. मोबाईल दाखवला की गेट आपोआप उघडतं आणि मी नुसता बसतो. बसल्या जागी किस्से साचतात, दुसरं काय!

✱

कॉम्प्युटर सांभाळणारा निखिल मला समजावत होता. "काका, कंपनीचं एकच लॉगिन. त्यावरच गेटचं अ‍ॅप, कॅन्टीनचं, कुरियरचं. ती अ‍ॅपं बाहेरची आहेत, पण आपल्या लॉगिनवर विश्वास ठेवतात."

"आणि माझ्यावर?"

"तुम्हाला लॉगिनच नाहीये काका!"

✱

पॅकिंगच्या कंत्राटी बायकांनाही नव्हतं. फक्त वैशालीला मिळालं, कारण कुरियरचं काम तिच्याकडे. ती खडवलीहून येते. दर दिवाळीला साहेब तिला म्हणतात, "यंदा तुला कायम करतो." पोरगी त्या आशेवर राबते.

बाकीच्या बायका उपाशी राहू नयेत म्हणून तिने आपलं लॉगिन सगळ्यांच्या मोबाईलात टाकून दिलं. महिन्याभरात कॅन्टीनच्या अ‍ॅपने तिला सल्ला पाठवला, 'भात कमी करा!'

✱

एकदा खुद्द साहेबांचाच पासवर्ड संपला. गाडी गेटबाहेर, साहेब लालबुंद.

"काका, मला ओळखत नाही का?"

"ओळखतो ना साहेब. पण माझं ओळखणं आता चालत नाही."

शेवटी वैशालीने मोबाईल पुढे धरला. गेट गोड आवाजात म्हणालं, "वेलकम वैशाली!" साहेब आत गेले. जाताना काच खाली करून म्हणाले, "यंदा तुझं पक्कं!"

✱

मग ठाण्याहून एक सर भाषण द्यायला आले. लॉगिन कोणालाही देऊ नका, सख्ख्या भावालाही नाही. साहेब जोरजोरात मान हलवत होते. सरांना पडद्यावर चित्रं दाखवायची होती, पण अ‍ॅप उघडेना. निखिल मागे वळून ओरडला, "वैशालीताई, जरा ओटीपी बोला!"

तिने सांगितला. टाळ्याही पडल्या.

✱

या दिवाळीआधी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. नवा कंत्राटदार, तुझ्या जागी त्याचा माणूस, उद्यापासून येऊ नकोस. ती बाहेर पडायच्या आत निखिलने तिचं लॉगिन बंद केलं. एवढी चपळाई त्याने कधी दाखवली नव्हती! घाईत तिचा डबा आतच राहिला. मी तो धुऊन माझ्याजवळ ठेवला.

सकाळी ती डबा न्यायला आली, तर पॅकिंगच्या सगळ्या बायका गेटबाहेर आणि माल भरलेला ट्रक आत. गेट त्यांच्यातल्या कोणालाच ओळखेना. कुरियरचं अ‍ॅप म्हणे, असं कोणी माणूसच नाही.

साहेब आतून धावत आले. मागे निखिल. "लॉगिन परत चालू केलंय साहेब, पण ओटीपी त्यांच्याच मोबाईलवर जातोय."

साहेबांनी गेटच्या गजांना तोंड लावलं. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "वैशालीताई! अहो, नुसता नंबर सांगा. एका मिनिटाचं काम आहे."

तिच्या हातातला मोबाईल वाजला. तिने पाहिलं. मग तो पर्समध्ये ठेवला, माझ्याकडून डबा घेतला, माझ्या खांद्याला हात लावला आणि रिक्षा स्टँडकडे चालू लागली.