बाबांच्या पट्टीचा पहिला इंच

मी शिकवते ती शाळा दाखवायला वडिलांना आणले, त्या सहलीची हकिगत मी मासिकाच्या मागच्या अंकात लिहिली होती. वर्गातल्या पुस्तकांच्या कपाटाचे माप घेताना त्यांच्या हातून एक इंचाची चूक झाली, असे त्यात म्हटले होते. ते खरे नाही. चूक माझी होती. ती कशी कळली हे सांगायचे तर गेल्या आठवड्यातल्या वाडीच्या प्रवासाबद्दल लिहायला हवे.

आधी मागचे थोडे. माझे बाबा सुतार आहेत. नागपूरजवळ वाडीला, ट्रान्सपोर्टच्या गोदामांसाठी लाकडी पेट्या ठोकतात. आमच्या शाळेतली एक खिडकी बुजवून कोनाडा झाला, त्यात बसेल असे कपाट करायचे काम त्यांना मिळाले होते. त्यांनी खिशातली घडीची लाकडी पट्टी उलगडली, रुंदी पाहिली आणि म्हणाले, "तेवीस." मी वहीत तेवीस लिहिले. उंचीसाठी त्यांनी बांबूची एक काडी तेवढीच तोडून सोबत नेली. ते गेल्यावर मुख्याध्यापकांनी स्टीलच्या टेपने रुंदी मोजली. बावीस भरली. खरे ते लिहावे म्हणून मी तेही मासिकात लिहिले. शाळा समितीने ते वाचले आणि कपाट शहरातल्या दुकानातून आणायचे ठरवले. सुतारांना 'नको' म्हणून मी कळवायचे होते.

शुक्रवारी सुट्टी होती, शनिवारची रजा टाकली. शाळेचा टेप रजिस्टरमध्ये सही करून सोबत घेतला. कोंढाळीच्या फाट्यावरून नागपूरची एसटी दर तासाला मिळते आणि दोन रुपयांत वाडीला उतरवते. मात्र उजवीकडे बसू नका, सकाळचे ऊन त्या बाजूला येते. गाडी नागपूरचीच ना, हे मी दोघांना विचारले. तिसऱ्यांदा कंडक्टरला विचारले तेव्हा तो म्हणाला, "बाई, मलेबी तिकडंच जायचं आहे, बसा निवांत."

वाडीच्या नाक्यावर उतरलात तर तर्री-पोहे खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. समोरून ट्रक धूळ उडवत जातात, म्हणून बशीवर हात धरावा लागतो, पण आठ आण्यांत पोहे आणि वर चहा होतो. मी एरवी तर्री दोनदा मागते. त्या दिवशी एकदाही मागितली नाही.

आमच्या खोलीपुढे कपाट उभे होते. तयार. सागवानाचे, रंधा मारून गुळगुळीत केलेले, फक्त दारांच्या बिजागऱ्या राहिलेल्या. बाबा त्याच्यावरचा भुसा फुंकून राहिले होते.

"पाय वं कसं झालं," ते कपाटाकडे हात करून म्हणाले.

मी नको म्हणून सांगायला आले होते. पिशवीतून टेप काढून रुंदी मोजली. पावणेबावीस इंच. बावीसच्या कोनाड्यात सरकवायला जेवढी ढिलाई लागते, तेवढी बरोबर. पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा मोजायला लागले तशी माय दारातून म्हणाली, "कपाट वाढते का पायते ते?"

"बाबा, तुम्ही शाळेत तेवीस म्हणाले होते."

"हो. तेवीसच होतं."

"हे तर बावीसचं केलं."

"नाही, तेवीसचंच केलं."

त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली. लहानपणापासून पाहिलेली, पण मी ती कधी नीट पाहिलीच नव्हती. टोकाचे पितळ निघून गेले होते, त्याखालचे लाकूड बोटाच्या टोकासारखे गोल झिजले होते. बाबा तिचे माप एकच्या आकड्यापासून धरतात.

"पहिला इंच घासून गेला. त्याच्यावर भरवसा नाही. म्हणून मी एकपासून धरतो."

"मग शेवटी एक वजा करायचा ना?"

"काहून? मोजतो एकपासून, खूण करतो एकपासून. लाकडाले काय कळते, कोणता आकडा होता?"

मी खाली बसले. आमच्या घरात माप आजवर कधी कागदावर उतरलेच नव्हते. ते पट्टीवरून थेट लाकडावर जायचे आणि बरोबर जायचे. मध्ये वही आणणारी मीच पहिली.

मग मी सगळे सांगितले. मासिकातला मजकूर वाचूनही दाखवला, एक वाक्य न गाळता. माय म्हणाली, "बाप लाकूड कापते, अन् पोरगी बापाले."

बाबांनी वेगळेच विचारले. "माहं नाव छापलं का?"

"नाही. 'माझे वडील' एवढंच."

"बरं झालं." ते हसले. नंतर बराच वेळ एकाच जागी रंधा फिरवत राहिले. "त्या मोठ्या गुरुजीले सांगशील न, तर कोपऱ्यात नको सांगू. तू चारचौघांत लिहिलं. सांगायचंबी चारचौघांत."

शनिवारी आम्ही दोघे बिजागऱ्या आणायला इतवारीत गेलो. वाडीहून सिटी बसने सीताबर्डी, तिथून पुढे पायी. रिक्षा परवडते, पण बाबांना प्रत्येक दुकानाची दारे तपासत जायची असतात. कोणाचे दार खाली घासते, कोणाची चौकट तिरपी, हे ते मला मोठ्याने सांगत होते आणि मी त्यांच्या पाठीमागे दुकानदारांची नजर चुकवत होते. बिजागऱ्यांच्या दुकानात नवी घडीची पट्टी होती, एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. मला ती बाबांसाठी घ्यायची होती. त्यांनी ती उलगडली, वास घेतला, पुन्हा मिटली.

"चांगली आहे. पण इचा पहिला इंच झिजाले मले वीस वर्षं लागतील. तूच घे. तुले शून्यापासून सवय आहे."

मी घेतली.

रविवारी निघताना बाबांनी जुनी पट्टी माझ्या पिशवीत टाकली. "दाखवून वापस आण. तोवर मी ठोकाठोकीच करीन." येताना मी बसमध्ये डावीकडे बसले, दुपारचे ऊन तिकडूनच आले. वर लिहिलेला सल्ला फक्त जाण्यापुरता समजावा.

आता दोन्ही पट्ट्या माझ्या टेबलावर शेजारी आहेत. नवी शून्यापासून आणि जुनी एकपासून धरून मी याच टेबलाची रुंदी मोजली. दोन्हींवर वेगळे आकडे आले आणि टेबल तेवढेच राहिले. मला अजून धीर नाही. समितीपुढे काय बोलायचे ते चार वेळा लिहून फाडले. म्हणून आधी मोजायचे आणि मग बोलायचे, असे ठरवले आहे. वाडीचा एक ट्रकवाला अमरावतीकडे जाताना कपाट आमच्या फाट्यावर उतरवून देणार आहे. समितीच्या सगळ्या सभासदांसमोर मी बाबांच्या पट्टीने एकपासून कोनाडा मोजीन, एकपासून कपाट मोजीन, आणि कपाट आत सरकवीन. मग माझी चूक माझ्या तोंडाने सांगीन. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा ते होऊन गेलेले असेल. दिवस ठरला आहे: येता सोमवार, सतरा तारीख, सकाळी अकरा वाजता.