ओलं फडकं

थंडोबा हे त्याचं खरं नाव नव्हे. पण संस्थेत ते त्याला असं चिकटलं होतं, की पगाराच्या दिवशी खऱ्या नावाने हाक आली तर तो मागे वळून पाहायचा, कुणाला बोलावतायत म्हणून.

वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या त्या इमारतीच्या तळमजल्यावर कपाटाएवढ्या बंद खोल्या होत्या. त्यांना सगळे चेंबर म्हणत. आत ऊन दिव्यांचं, वारा पंख्याचा, आणि हवा गार की गरम ते यंत्र ठरवायचं. ती यंत्रं थंडोबा सांभाळायचा. चालणं सावकाश, बोलणं त्याहून सावकाश.

"तुला आज विचारावं तर उत्तर परवा मिळतं," स्टोअरकीपर चिडवायचा.

"पण बरोबर मिळतं ना?" थंडोबा म्हणायचा.

त्या दिवशी मात्र तो चुकला. तिथे संशोधन करणाऱ्या मॅडमच्या चेंबरमध्ये तापमान मोजणाऱ्या सेन्सरवर हिरवट थर चढला होता. तो भिजून सुटावा म्हणून त्याने सेन्सरला ओलं फडकं गुंडाळलं. तेवढ्यात शेजारच्या खोलीत पाणी गळतंय म्हणून बोलावणं आलं, नि तो गेला. फडक्याचं एक टोक खालच्या पाण्याच्या ट्रेमध्ये लोंबत राहिलं. फडकं पाणी पीत राहिलं, पंख्याचा वारा त्याला गार करत राहिला. यंत्राला वाटलं, आत थंडी पडलीय. ते बिचारं जीव तोडून खोली तापवत बसलं. बाहेरच्या पडद्यावर आकडा अगदी ठीक दिसत होता, त्यामुळे जाणाऱ्या-येणाऱ्या कुणालाच शंका आली नाही.

जेवायच्या सुट्टीआधी थंडोबा फडकं काढायला आला, तर दाराची मूठच हाताला चटकली. दार उघडताच भट्टीसारखी झळ तोंडावर आली. रोपं माना टाकून पडली होती.

ही रोपं जुन्या बियाण्यातली शेवटची होती. डबीतलं बाकीचं बी उगवायचंच बंद झालं होतं. यांना बी धरलं नाही, तर मॅडमची कित्येक वर्षांची मेहनत तिथेच संपणार होती. हे थंडोबाला ठाऊक होतं. त्याने फडकं सोडवलं, हीटर बंद केला, आणि मॅडमना बोलावून आणलं.

"काका, हे कसं झालं?"

"मी केलं, मॅडम." त्याने फडकं पुढे धरलं आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं.

मॅडमनी एका कुंडीतल्या मातीत बोट घालून पाहिलं. थंडोबाने झारी उचलली. दुसरा हात चेंबर एकदम गार करायच्या बटणाकडे गेला.

"थांबा. पाणी नको, गारठा तर मुळीच नको. हळूहळू नेहमीच्या हवेवर आणा."

"तहानेने मरतील ती."

"माती ओली आहे, बोट घालून बघा. ती तहानलेली नाहीत, त्यांनी काम बंद ठेवलंय."

खोली निवत होती तोवर मॅडम बोलत राहिल्या, थोडं त्याच्यासाठी, थोडं स्वतःच्या मनाला धीर म्हणून. पेशीत एरवी नाना तऱ्हेची प्रथिनं घडत असतात. कोणतं घडवायचं त्याचे निरोप आतूनच निघतात. उन्हाचा तडाखा बसला की झाड बहुतेक घडवणं थांबवतं. अर्धवट काम बिघडू नये म्हणून पुष्कळसे निरोप गोळा करून बाजूला ठेवतं. तेवढ्या वेळात जोमाने घडतात ती फक्त बाकीच्यांना सावरणारी, राखण करणारी प्रथिनं.

थंडोबा सावकाश म्हणाला, "आमची ही शिलाई करते. वीज गेली की कापलेले कपडे घडी करून ठेवते, फेकत नाही. आधी दिवा बघते."

"तसंच. पण फार वेळ वीज आली नाही तर धंदा बसतो, काका. आपल्याला उशीर झालाय का, तेवढं बघायचंय."

त्यांनी पानाचा तुकडा मायक्रोस्कोपखाली ठेवला. या रोपांत त्यांनी अशी सोय केली होती, की बाजूला ठेवलेल्या निरोपांचे पुंजके चमकून दिसावेत. थंडोबाने डोळा लावला. काळोखात ठिपकेच ठिपके, अंधाऱ्या शेतात काजवे बसावेत तसे.

"छान दिसतंय."

"छान नाही. ते विझायला हवेत."

दोघं वाट पाहत बसले. थंडोबाचा डबा बंदच राहिला. मॅडम मधूनमधून नवा तुकडा ठेवायच्या आणि मान हलवायच्या. दुपार कलली. मग एकदा त्या बघत राहिल्या, खूप वेळ, आणि खुर्ची मागे सारून त्यांनी त्याला जागा दिली.

ठिपके विरघळले होते. सगळीकडे एकसारखा मंद उजेड पसरला होता.

"निरोप मोकळे झाले," मॅडम म्हणाल्या. "कामं सुरू झाली असणार."

दाराजवळची काही रोपं गेलीच. गरम हवेचा झोत थेट त्यांच्यावर होता. बाकीच्यांनी संध्याकाळपर्यंत माना वर केल्या. बी धरायला तेवढी पुष्कळ होती.

"मॅडम, मला काही बोलणार नाही का?"

"बोलणार आहे. उद्या. आज फार बरं वाटतंय, ते घालवायचं नाहीये."

घरी बायकोने डबा उघडला, तर तो भरलेला. "अहो, जेवला नाहीत, आणि चेहरा असा जेवणावळीतून आल्यासारखा?"

"उद्या बोलणी खायची आहेत," थंडोबा पाट ओढत म्हणाला. "आज वाढ, पोटभर."