डाव्या हाताची चिठ्ठी

शिंपीणताईंच्या हातात एखादी पॅंट द्या, त्या ती कमरेला दोन बोटं सैल करून देतील आणि वर एक धडा फुकट देतील. चेन अडकली की म्हणायच्या, "बघा, दोन्ही बाजू सरळ धरल्याशिवाय चेन वर जात नाही. नवरा-बायकोचं तसंच." जुनी शिलाई उसवताना म्हणायच्या, "देवसुद्धा आधी उसवतो हो, मग शिवतो." गिऱ्हाईक बिचारं नुसती पॅंट न्यायला आलेलं असायचं. ते पावती चुरगाळत उभं राहायचं आणि ताईंचा धडा संपेपर्यंत हलायचं नाही. हलून करतं काय? पॅंट ताईंच्या मांडीवर असायची.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक मशीन, एक कापायचं टेबल, आणि खिडकीखाली स्टूल. त्या स्टुलावर त्यांचे यजमान बसत. छापखान्यात तीस वर्षं मशीनपाशी उभं राहून आता घरी बसलेला शांत माणूस. शर्टाला बटणं लावायची आणि ताई बोलल्या की "हं" म्हणायचं, ही त्यांची दोन कामं. दोन्ही ते चोख करत.

ताईंच्या धड्यांचं खरं मैदान मात्र शुक्रवार संध्याकाळ. ताई-यजमानांसह चर्चमधली आठ-दहा माणसं आळीपाळीने एकेकाच्या घरी जमत. थोडी गाणी, थोडी प्रार्थना, चहा, बेकरीवाल्याने आणलेली बिस्किटं, आणि मग साक्ष. साक्ष म्हणजे गेल्या आठवड्यात देवाने आपल्याला काय दाखवलं ते उभं राहून सांगायचं. कुणी दोन मिनिटं बोलायचं, कुणी तीन. ताई उभ्या राहिल्या की नर्सबाई पायातल्या चपला काढून मांडी घालून बसायच्या, म्हणजे लक्षात घ्या.

आणि या साक्षींचा कच्चा माल बहुतेक वेळा घरातूनच यायचा. यजमान दिवा बदलताना स्टुलावरून पडले, शुक्रवारी त्यांचं गर्वहरण झालं. अहो, माणूस दिवा बदलत होता, गर्व कुठून आला? मग त्यांची कवळी हरवली आणि तीन दिवसांनी एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या खिशात निघाली. त्या शुक्रवारी ताईंनी हरवलेल्या मेंढराची अशी काही साक्ष दिली की दोघीजणी रडल्या. पण त्या दिवसापासून बेकरीवाला रस्त्यात भेटला की यजमानांना विचारायचा, "काय भावजी, मेंढरू बरं आहे ना?" यजमान ओठ मिटून हसायचे. ताईंना वाटायचं, किती गोड माणूस आहे, कशाचं वाईट वाटून घेत नाही.

आता चिठ्ठ्यांचं सांगायला हवं. मंडळीत एक निवृत्त पोस्टमास्तर होते. सभा तेच चालवत. त्यांनी पद्धत घातली होती की प्रत्येकाने आपल्या मनातली एक विनंती चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायची. मग ज्याला जी चिठ्ठी येईल तिच्यासाठी त्याने आठवडाभर प्रार्थना करायची. चिठ्ठी कुणाची ते विचारायचं नाही, कळलं तरी बोलायचं नाही. पण पोस्टमास्तरांनी आयुष्यभर लोकांची अक्षरं वाचली होती. अक्षरावरून माणूस ओळखू येतो हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून त्यांचा नियम असा की चिठ्ठी डाव्या हाताने लिहायची, आणि तिच्यात कुणाचंही नाव किंवा नातं घालायचं नाही. फक्त "एक भाऊ" नाहीतर "एक बहीण". बहुतेक चिठ्ठ्या कोंबडी चालून गेल्यासारख्या दिसत, आणि पोस्टमास्तर खूश असत.

त्या शुक्रवारी ताईंना जी चिठ्ठी आली ती त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून उघडली. त्यात लिहिलं होतं, "मला एका बहिणीला एक गोष्ट सांगायची आहे. धीर होत नाही. सांगितली की शुक्रवारी तिचा धडा होईल."

ताईंनी ती दोनदा वाचली. मंडळीत धडे करणारी बहीण एकच होती, आणि ती या घडीला पदराने चष्मा पुसत होती. म्हणजे या खोलीत कुणीतरी असं होतं की ज्याच्या मनात काहीतरी सलत होतं आणि ते ताईंना सांगायची त्याला भीती वाटत होती. भीती! त्यांची! ज्यांच्याकडे सगळी गल्ली मन मोकळं करायला येते असं त्या समजत होत्या!

आधी राग आला. देवाच्या खालोखाल ताईंना रागच लवकर यायचा. मग तो ओसरला आणि लागला घोर. काय सांगायचं असेल? कुणाला आजार असेल? आपण कुणाला दुखवलं असेल? प्रार्थना तर करायचीच होती, पण ताईंची प्रार्थना म्हणजे देवाकडे चौकशी अर्ज. "देवबापा, त्या जिवाला धीर दे. आणि तो कोण ते मला कळू दे. नियम मला ठाऊक आहे, पण पोस्टमास्तरांचा नियम तुला थोडाच लागू आहे?"

देव काही बोलेना, तेव्हा ताईंनी शोध स्वतःच हाती घेतला. नर्सबाईंचा युनिफॉर्म लांबीला कमी करताना त्या हळूच म्हणाल्या, "मनात काही असलं तर सांगा हं, मी काही कुणाला सांगत नाही." नर्सबाई इतक्या हसल्या की टाचणी टोचली. बेकरीवाल्याकडे पाव घ्यायला गेल्या आणि त्याच्याकडे तोंडातून शब्द न काढता, कनवाळू नजरेने बघत राहिल्या. त्याने घाबरून पाव बदलून दिला.

मंडळीतल्या बाकीच्यांनाही चाचपून झालं, उरल्या शाळेच्या मुख्याध्यापिका. आणि त्याच असणार, ताईंची खात्री पटली. कारण चिठ्ठीतलं अक्षर. डाव्या हाताचं असून कसं सुबक, ओळीत, वेलांटीसकट! असं अक्षर शाळेतल्या माणसाशिवाय कुणाचं असणार? बुधवारी दुपारी ताई त्यांच्या घरी धडकल्या आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "माझं चुकलं असेल तर माफ करा. सांगून टाका. मी त्याची साक्ष करणार नाही, शपथेवर सांगते."

मुख्याध्यापिकांना आधी काही उमगेना. उमगलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो ताई, माझी चिठ्ठी गुडघ्याची होती! बघू ती." नियम मोडून त्यांनी चिठ्ठी हातात घेतली, चष्म्यावरून पाहिली आणि शांतपणे म्हणाल्या, "हे डाव्या हाताने लिहिलंय, पण कष्टाने नाही लिहिलेलं. हा माणूस डावखुरा आहे. रोजच तसं लिहितो. आपल्यात डावखुरं कोण आहे?"

आपल्यात डावखुरा एकच माणूस होता. त्याच्यासाठी ताईंनी स्वतः शहरभर फिरून डाव्या हाताची कात्री आणली होती. पण घरातली यादी ताई लिहीत, पावत्या ताई लिहीत, नातलगांना पत्रं ताई लिहीत. नवऱ्याचं अक्षर त्यांनी शेवटचं कधी पाहिलं होतं ते आठवेना. आणि "एका बहिणीला" म्हणे! नाव-नातं घालायचं नाही म्हटल्यावर त्या सरळमार्गी माणसाने लग्नाच्या बायकोला खुशाल बहीण करून टाकलं होतं.

घरी पोहोचल्या तेव्हा यजमान स्टुलावर पाठमोरे बसून बटण लावत होते. डाव्या हाताने. ताई उंबऱ्यात थांबल्या. हाक मारावी म्हणून म्हणाल्या, "अहो." काही नाही. तेव्हा त्यांच्या मनात एक भलतीच शंका आली. त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "दुकानाला आग लागलीय."

उत्तर नाही. दोन पावलं पुढे जाऊन ताई जरा मोठ्याने म्हणाल्या, "मी बेकरीवाल्याबरोबर पळून चाललेय."

"हं," यजमान म्हणाले. "बरं."

ताईंना हसू फुटलं आणि अर्ध्यातच विरलं. त्या पुढे गेल्या, त्यांच्या समोर खाली बसल्या आणि चिठ्ठी त्यांच्या मांडीवर ठेवली.

यजमानांनी चिठ्ठी पाहिली. मग ताईंकडे पाहिलं. "चिठ्ठी कुणाची ते विचारायचं नसतं," ते म्हणाले.

ताईंनी विचारलं नाही. तोंड उघडलं होतं ते मिटलं, आणि मिटलेलंच ठेवलं. बत्तीस वर्षांत त्या खोलीत इतकी शांतता फक्त वीज गेली की व्हायची. शेवटी यजमानच बोलले. "उजव्या कानाने काही येत नाही. डाव्याने येतं, पण तू अगदी जवळ असलीस तर. दीड वर्ष झालं."

"आणि तुम्ही हं हं करत राहिलात?"

हे त्यांनी ओठांवरून ओळखलं. "तुझं तोंड थांबलं की हं म्हणायचं. बहुतेक जमायचं."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर शुक्रवारी माझ्या कानावर बायबलातलं एखादं वचन निघालं असतं. मेंढराचं एक बास झालं मला."

आणि खरं सांगायचं तर ते वचन तेव्हाच ताईंच्या जिभेच्या टोकावर आलेलं होतं! स्वतःचीच अशी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. मग त्यांना मागचा हिवाळा आठवला. त्यांची थोरली बहीण गेली होती, आणि महिनाभर त्या मशीनवर बसून तिच्याबद्दल बोलत होत्या. रोज. याच माणसापाशी. त्यांनी जवळ सरकून त्याच्या डाव्या कानात विचारलं, "माझी ताई गेली तेव्हा मी जे बोलायचे, ते?"

"नाही आलं ऐकू," यजमान म्हणाले. "पण रडतेस ते दिसायचं. म्हणून चहा करून आणायचो."

मग मात्र ताई हुंदके देऊन रडल्या. यजमान घाबरून चहा करायलाच उठले, ताईंनी हाताला धरून खाली बसवलं.

नर्सबाईंच्या ओळखीने कानाच्या डॉक्टरांची वेळ मिळाली, पुढच्या सोमवारची. आणि मध्ये आला शुक्रवार. साक्षीची वेळ झाली, नर्सबाईंनी सवयीने चपला काढल्या. ताई बसूनच म्हणाल्या, "माझ्याकडे या आठवड्यात काही नाही." नर्सबाईंनी ताईंच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

तेवढ्यात यजमान उभे राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नसल्यामुळे ते इतक्या मोठ्याने बोलले की शेजारची खिडकी उघडली. कानाचं सांगितलं, छापखान्याचं सांगितलं, एकदा सुरू झाले ते थांबेनात. बावीस मिनिटं! पोस्टमास्तर दोनदा घड्याळाकडे बघून खाकरले, पण ते कुणाला ऐकू येणार? ताईंच्या डोक्यात तोवर तीन धडे तयार झाले होते. तिन्ही त्यांनी बिस्किटाबरोबर गिळले.

"तुम्हाला वाटेल, बरं झालं, सुटला," यजमान शेवटी म्हणाले. "बेकरीवाल्याला तर वाटतच असणार. पण मी तिला इतकी वर्षं ऐकलंय. आता ओठ हलताना दिसतात आणि हाती काही लागत नाही. मला ते परत हवंय. सगळं. धड्यांसकट. एवढ्यासाठी प्रार्थना करा."

कुणी हसलं नाही. पोस्टमास्तर चष्मा काढून म्हणाले, "ताई, तुम्हीच करा."

ताईंची प्रार्थना म्हणजे कमीत कमी पाव तास. सगळ्यांनी डोळे मिटून पाय सैल केले. ताई उठल्या, यजमानांच्या डाव्या बाजूला जाऊन बसल्या, तोंड त्यांच्या कानाशी नेलं आणि म्हणाल्या, "देवबापा, ह्यांचा कान बरा कर. नाही केलास तर मी जवळ बसून बोलेन. आमेन."

"आमेन," यजमान सगळ्यांच्या आधी म्हणाले. बेकरीवाल्याला मात्र बराच उशीर झाला, तो पंधरा मिनिटांच्या हिशेबाने डोळे मिटून बसला होता.